तांब्याच्या आधी फळी

आमच्या घरी कुणी दुचाकीवर आलं की पाण्याच्या तांब्याच्या आधी त्याच्या हातात फळी यायची. "स्टँडखाली घाला. ऊन हाय, डांबर मऊ झालंय." एवढं सांगून आमची मंडळी फाटकाशी उभी राहायची, फळी बसली का बघायची आणि मगच "या" म्हणायची. व्याही आले तरी तेच. ते हसून म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही मुकादम व्हायला हवं होतं." तेव्हापासून ती मुकादमच झाली. मीही तीच हाक मारायचो. आता कुणाला मारू?

हिंजवडीच्या अंगाला आमची शेती होती. कंपन्या आल्या, जमीन गेली. कुणी हिसकावली नाही, आम्हीच दिली. राहिलं ते घराभोवतीचं. मुलगा त्यातल्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर लागला. जुनं घर पाडून त्यानं बंगला बांधला आणि फाटकापासून पायरीपर्यंत गाडीसाठी डांबरी करून घेतली. ती डांबरी नेमकी आमच्या खळ्यावर आली. मुकादम लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्या खळ्यावर ज्वारी मळली होती. रोलर फिरत होता तेव्हा ती कडेला उभी होती. रडली वगैरे नाही. रोलरवाल्याला म्हणाली, "दाबून फिरव, बाबा. खाली माझं खळं हाय. पोकळ न्हाई ऱ्हायला पायजे."

पुढच्या उन्हाळ्यात पहिली भेग पडली. मुलगा म्हणाला, "आई, हे मेन्टेन होत नाही. अजून भेगा पडल्या ना, तर सगळं उखडू, ब्लॉक बसवू. खाली पाण्याची मोठी टाकी पण काढता येईल." टाकी म्हणजे खळ्याच्या पोटात खड्डा. तो आत गेल्यावर मुकादम मला म्हणाली, "भेग पडली तर उखडनार. मग पडूच द्यायची न्हाई."

खळ्याला भेग पडली की जे करायचं तेच तिनं केलं. माती आणि शेण कालवलं, भेगेत कोंबलं, तळव्यानं घोटलं. दिसायला झकास झालं. पावसात त्या भेगेतून ज्वारी उगवली. शेणातलं बी. अशी ओळीत, जशी पाभरीनं पेरलेली. मुलगा पोट धरून हसला. "आई, ऑफिसात सांगतो, आमच्या ड्राइव्हवेवर पीक आलंय."

"सांग की. आन् त्यांना इचार, तुमच्या हापिसात काय उगवतं."

त्याच संध्याकाळी तिनं ती ज्वारी मुळासकट उपटली. मुळं आत गेली की भेग रुंद होते, हे शेतातल्या बाईला कळतंच.

मोठ्या रस्त्यावर ठिगळं लावणारे लोक आले, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि विचारून आली. मग दरवर्षी होळी झाली की आमचं काम सुरू. भेगेतली घाण खुरप्यानं काढायची, ब्रशनं झाडायची, भेग चांगली सुकू द्यायची. तीन विटांवर डब्यात डांबर तापवायचं, भेगेत ओतायचं, वरून खडीची बारीक कच भुरभुरायची म्हणजे चाकाला चिकटत नाही. जाळ माझ्याकडं, ओतणं तिच्याकडं. कधी मी ओतलं तर म्हणायची, "हात आवरा. पुरणपोळीवर तूप न्हाई वाढत तुम्ही." दोन्ही कडांना माती दाबून ठेवायची, पाणी साचू नये म्हणून चर मोकळी करायची. मुलाच्या गाडीतून तेल ठिबकायचं, तेलानं डांबर विरघळतं, म्हणून गाडीखाली आमची जुनी परात. परातीचा मान गेला, पण डांबरी राहिली.

एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, डांबरी सोड, आधी स्वतःच्या गुडघ्यांचं बघ."

"माझ्या गुडघ्यात कुनी टाकी खननार न्हाई," म्हणाली आणि पुन्हा वाकली.

शेवटच्या उन्हाळ्यात ती आजारीच होती. तरी कुरडया घातल्या. लोखंडी खाट डांबरीवर ओढली, वर धोतर पसरून कुरडया वाळत टाकल्या आणि पायरीवर कावळे हाकत बसली. सगळ्या गावाला फळी देणारी ही बाई खाटेखाली फळ्या घालायला विसरली. तिन्हीसांजेला खाट उचलली तर चार खुरांचे चार खड्डे. तिनं एकात बोट घालून बघितलं. म्हणाली, "मलाच कुनी फळी दिली न्हाई." मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पुढल्या होळीनंतर भरू."

पाऊस सुरू व्हायच्या आत ती गेली. त्याच डांबरीवरून नेली.

मी ते खड्डे तसेच ठेवले. सकाळी चहा घेऊन पायरीवर बसायचो आणि बघायचो. दुसरं काही काम नव्हतंच. पावसाळाभर त्यात पाणी साचलं. पाऊस सरला तेव्हा एका खड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत भेग गेलेली. मुलगा भेगेवर बूट ठेवून उभा राहिला. पोरगा वाईट नाही. पण टँकरच्या पाण्याला तोही कंटाळलाय.

"बाबा, बघा आता. आई असती तर मी बोललो नसतो."

"ती होती तेव्हाही बोलायचास," मी म्हटलं. "होळीपर्यंत थांब."

तो थांबला. होळी झाल्यावर मी विटा मांडल्या, डबा चढवला. जाळ माझाच, ओतायचंही आता मलाच. भेग साफ केली, भरली. मग खड्ड्यांपाशी बसलो. ते भरायला जीव होत नव्हता. वाटलं, भेग भरली ना, खड्डे राहू देऊ. पण खड्डे राहिले तर पाणी राहणार, पाणी राहिलं तर पुन्हा भेग, आणि भेग पडली की खाली टाकी. तिला खड्डे नको होते, तिला खळं हवं होतं. चारही भरले. हात सैल सुटला, एकात जरा जास्तच पडलं. वर कच टाकली आणि उठायला भिंत धरली.

संध्याकाळी मुलगा दुचाकीवरून आला. गर्दीमुळं हल्ली कार नेत नाही. फाटकात थांबला, डांबरीकडं बघितलं. खड्डे होते तिथं नुसते काळे डाग.

"मऊ आहे का अजून?"

"आहे."

टाकीचा विषय त्यानं काढला नाही. आज काढला नाही, उद्याचं मला माहीत नाही. फाटकामागं हात घालून त्यानं फळी काढली, स्टँडखाली घातली, नीट बसली का ते वाकून बघितलं. मग आत आला.