दिवेलागणीनंतरचं विरजण

भूमच्या हायस्कुलात नोकरी लागली आणि पहिल्याच हिवाळ्यात मी मायला गावाकडून घेऊन आलो. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. मायनं आता भावकीच्या रानात राबू नये, माझ्या खोलीवर बसून खावं, एवढंच मला पाहिजे होतं. तिला पाहिजे होतं ताक. तेही घरचं. हॉटेलातलं दही ती तोंडाला लावत नसे.

दूध मिळालं. अडलं ते चमचाभर विरजणावर. मी इतके दिवस खानावळीत जेवणारा माणूस, माझ्या घरात विरजण कुठून असणार?

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी बैठक लांबवली. वाटी घेऊन घरमालकिणीच्या दारात गेलो तर तिनं नुकताच दिवा लावलेला. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर जात नाही, सकाळी या म्हणाली. सकाळी गेलो तर शुक्रवार. शुक्रवारी लक्ष्मी दाराबाहेर काढायची नसते म्हणे. मग द्यायचं तरी कधी, असं विचारलं.

"मास्तर, तुमची शाळा उशिरा सुटती, त्याला आमी काय करावं?"

माझं डोकं फिरलं. इकडं माय कोरडी भाकरी पाण्याबरोबर उतरवत होती आणि गावाला जाणारी येरमाळ्याकडची यष्टी किती वाजता असते ते विचारत होती.

त्या दिवशी शाळेतल्या उर्दूच्या मास्तरांना गाठून त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या अम्मीनं काही न विचारता घरच्या म्हशीच्या दह्यानं वाटी भरून दिली. धावत खोलीवर आलो आणि कुणाकडचं आणलं ते मायला सांगितलं. मायनं दूध कोमट करून ठेवलं होतं, पण वाटीला हात लावीना.

"दिवा लागल्यावर आणलंस?"

मला वाटलं, खरं कारण वेगळंच आहे. माणूस सगळा सारखा, यावर मी बोलायला लागलो. तिनं मधेच तोडलं.

"त्यांच्या हातचं मला चालतंय. पर ती बाई भोळी, तिनं दिलं. उद्या तिची म्हैस आटली तर? माघारी नेऊन दे."

विरजणातले जंतू घड्याळ बघत नाहीत, हे मी तिला दोन-तीन तऱ्हेनं सांगितलं. आवाज चढला तोही माझाच.

"तू शिकलास," ती म्हणाली. "तुला म्हैस राखायची न्हाय."

मी रागानं स्वतःच दुधात विरजण कालवलं, गाडगं घोंगडीत गुंडाळलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर दही असं घट्ट की गाडगं तिरपं केलं तरी हलेना. मी ते तिच्यापुढं नेऊन ठेवलं.

"चांगलं लागलंय," ती म्हणाली आणि गाठोडं बांधायला घेतलं. जाताना पाण्यात भाकरी बुडवून खाल्ली. मी कितीदा थांब म्हणालो. सुट्टीला तूच ये, एवढंच तिचं उत्तर.

तिला यष्टीत बसवून परत आलो आणि उभ्यानंच दही खायला लागलो. गोड होतं. तिचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. अर्धं गाडगं उरलं. त्याचं ताक करायचं म्हटलं तर खोलीत रवी नव्हती.