कमूच्या अंगणातला पिवळा चाफा

धाकट्या बहिणीची, कमूची, लग्नानंतरची पहिली दिवाळी. ती अलिबागला आमच्याकडेच व्हायची. पण जावईबापूंना दरबारच्या नोकरीतून रजा मिळेना. म्हणून भाऊबिजेला मीच ग्वाल्हेरला निघालो. बोटीने मुंबई, पुढे आगगाडी. अधिक महिन्यामुळे दिवाळी उशिरा आलेली. अशा दिवसांत जाल तर शाल न्याच. झाशीनंतरचा वारा समुद्राकाठच्या माणसाची गय करत नाही.

सकाळी धुक्यात उतरलो. टांगेवाल्याने चार आणे घेतले, पण पाटणकर बाजारात गरम कचोरीसाठी थांबलाही. धुक्यावर किल्ला तरंगत होता. आपण अजून गाडीत झोपलेलोच आहोत असं मला वाटत राहिलं.

खासगी बाजारातल्या कमूच्या अंगणात शिरलो आणि खडबडून जागा झालो. पाठवणीच्या वेळी आमच्या चाफ्याची फांदी ती उराशी धरून गेली होती. ती इथे लावून कमरेएवढं झालेलं झाड आता अर्धं बोडकं होतं. उरलेली पानं हळदीसारखी पिवळी, वारा नसतानाही गळत होती. कमू घागरीने पाणी ओतत होती.

“पूरं सुकून गेलं बघा,” तिच्या सासूबाई म्हणाल्या. “तुळशीच्या लग्नाआधी कटवून टाकू. मंडपाशेजारी असं झाड अच्छं नाही दिसत.”

ओवाळून झाल्यावर मी लुगडं पुढे केलं. कमूने ते बाजूला ठेवलं. “ओवाळणीत माझं झाड वाचव, दादा.”

मी शाळेत शास्त्र शिकवतो, तेव्हा मास्तरकी केलीच. “काकू, थंडीत झाड पानातला हिरवेपणा मोडून कामाचं तेवढं आत ओढून घेतं. पिवळा रंग आधीपासून असतोच, तो मग दिसू लागतो. शेवटी देठाशी बूच धरतं आणि पान सुटतं. बघा.” मी नखाने साल खरवडली. पांढरा चीक टपकला.

“अरे, हे तर जिंदा आहे!” काकू हरखल्या. “राहू दे मग होळीपर्यंत.”

“पण पाणी बंद,” मी कमूला बजावलं. “झोपलेल्या झाडाची मुळं पाण्याने कुजतात.”

तिचा चेहरा उतरला. “मग मी करू काय?”

“काही नाही. वाट बघ.”

परत येताना वाटभर तिची ती रिकामी घागर डोळ्यांपुढे होती. पोरीला एकटं टाकून आलो, असं वाटून फार वाईट वाटलं.

वैशाखात कमू माहेरपणाला आली. महिनाभर राहील म्हणून आईने फणस राखून ठेवले होते. चार दिवस झाले नाहीत तोच बाईसाहेब म्हणाल्या, “दादा, परतीचं बघ ना. तिकडे माझ्या चाफ्याला कळी धरली आहे. उमलेल तेव्हा मी घरी नको?”

‘घरी’ ऐकून आई उठली आणि हसत हसत डोळे पुसत फणस फोडायला बसली.