काका, प्रमुख पाहुणे आणि जाड गाऊन

आधी काकांचं नाव घेते, मग बाकीचं सांगते; कारण बाकीचं जे काही आहे ते काकांमुळेच आहे. उभ्या पनवेल तालुक्यात पदवीदान समारंभाची जितकी भाषणं काकांनी ऐकली आहेत तितकी कुठल्या कुलगुरूंनीही ऐकली नसतील. प्राचार्य निवृत्त होतात, मुलं पास होऊन निघून जातात, पाहुणे तर दरवर्षी नवे; काका मात्र हॉलच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर टाचण्यांचा डबा घेऊन, ठरल्यासारखे बसलेले. त्यांचा तिथे सत्कार नसतो. कार्यक्रम संपला की मुलांच्या अंगावरचे गाऊन परत घ्यायचे असतात, म्हणून ते बसतात.

काका माझे सख्खे काका नव्हेत. ते नेऱ्याकडच्या एका गावातले आगरी, मी वाशीमकडची. पनवेलच्या बाजारात त्यांचं कपडे भाड्याने देण्याचं दुकान आहे. शिवाजी महाराज, झाशीची राणी, कोळी नृत्याचे रुमाल, बालवाडीसाठी टोमॅटो आणि भेंडी, असं सगळं एकाच दांडीवर टांगलेलं असतं. भावांनी जमिनी विकून इमारती बांधल्या आणि हे भेंडीचे कपडे शिवत बसले, म्हणून त्यांच्या भावकीत अजून हसतात. पदवीचे काळे गाऊन त्यांनी मागाहून ठेवले. पहिल्यांदा पाटीवर नुसतंच ‘गाऊन भाड्याने मिळतील’ असं लिहिलं, तर बायका येऊन सुती आहेत का, धुतल्यावर आटतात का, असं विचारायला लागल्या. भाड्याने का घ्यायचे, हेही विचारायच्या. मग काकांनी मध्ये ‘पदवीचे’ हा शब्द बारीक अक्षरात कोंबला.

मी नववीत असताना बहिणीच्या बाळंतपणासाठी तळोज्याला आले, दोन महिन्यांसाठी. भाऊजी तिथल्या कंपनीत पाळीवर जायचे, घरात दुसरं कुणी नव्हतं. बाळ रांगायला लागलं, मग दुसरं झालं, आणि माझी शाळा राहिली ती राहिलीच. शिवण शिकले. काकांना काज-बटणं करणारी बाई हवी होती, त्यांनी मला ठेवून घेतलं. मी मुळातच घाबरट. बँकेची मला भीती वाटते, लिफ्टची वाटते, अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून बंद होईपर्यंत मी त्याच्याकडे नुसती बघत बसते. पण सगळ्यात जास्त भीती शाळेची. कुठल्याही शाळेचं फाटक आलं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायची, आतून कुणीतरी ‘इतके दिवस कुठे होतीस’ असं विचारील म्हणून. आणि कामाला बसले तर मांडीवर दिवसभर पदवीचे गाऊन. मला आपलाही एक हवा होता, शिवायला नव्हे, घालायला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नववी सोडलेल्या बाईने असलं काही बोलायचं तर ऐकणाऱ्याचं तोंड कसं होईल, या विचारानेच माझी जीभ आत जायची.

काकांचा एक सिद्धांत होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो मला सांगितला. “भाषन कानानं नाय ऐकायचा पोरी, गाऊन बगायचा.” भाषण कंटाळवाणं असेल तर मुलं हाताला येईल ते ओढतात, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, एखाद्या कॉलेजातून गाऊन परत आले की टोप्यांचे गोंडे चघळलेले, बाहीचे धागे वीतभर लोंबणारे, हुक उपटलेले. एकाच्या बाहीच्या आतल्या बाजूला तर पेनाने फुली-गोळ्याचा अख्खा डाव मांडलेला होता, आणि शेजारच्या गाऊनवर त्याचा पुढचा डाव. ते गठ्ठे बघून काका पाहुण्यांचा दर्जा ठरवायचे आणि मी दोन-दोन दिवस शिवत बसायची. काकांचा हा सिद्धांत दर वेळी खरा ठरायचा असं नाही. सीनियर केजीच्या पदवीदानाला एका पाहुण्यांनी चिमुकल्यांना स्पर्धेच्या युगाबद्दल आणि होऊ घातलेल्या विमानतळाबद्दल सांगितलं. पनवेलमध्ये कुठल्याही भाषणात विमानतळ येतोच. मुलं ढसाढसा रडली. गाऊन ओले होऊन आले. काका दुकानात म्हणत होते, बघ, किती मनाला लागलंय. मी एक गाऊन नाकाला लावून बघितला आणि सरळ बादलीत टाकला.

चांगल्या भाषणाचा मात्र ते फार मान ठेवत. एकदा एक डॉक्टरीणबाई पाहुण्या होत्या. त्यांनी माइक घेऊन सांगितलं, की मला दवाखान्यात घाई आहे, तुम्हाला आयुष्यात घाई आहे, तर दोघांनीही निघूया, अभिनंदन. त्या दिवशी एकही बटण सुटलं नाही. भाषण संपलं हे बाकीच्यांच्या अजून लक्षातही आलं नव्हतं तेव्हा काका दाराशी एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या एका समारंभात एक पाहुणे वडिलांबद्दल बोलता बोलता थांबले, त्यांना पुढचं सुचेना, आणि ते तसेच जाऊन खुर्चीवर बसले. ते गाऊन आले तेव्हा बाह्यांना काजळाचे डाग होते. मी ते मशीनमध्ये टाकायला घेतले तर काकांनी माझा हात धरला. “हातानं धू. लोकं रडलीयत त्यात.”

एक गोष्ट त्यांना अजिबात खपत नसे, ती म्हणजे शेवटी टोप्या हवेत उडवणं. लोकांना त्यात आनंद दिसायचा, काकांना पुठ्ठ्याचे मोडलेले कोपरे. तरुणपणी ते गावच्या संघात विकेटकीपर होते, त्यामुळे फोटोवाला ‘वन, टू’ म्हणायला लागला की हे खुर्चीवरून उठून गर्दीत शिरायचे आणि वाकून दोन्ही हात पसरून उभे राहायचे. पनवेलमधल्या कितीतरी घरांत भिंतीवर मुलीचा पदवीचा फोटो लावलेला असेल आणि त्यात मागे एक जाडे गृहस्थ झेल घेताना दिसत असतील. त्या घरच्यांना ते कोण, हे अजून कळलेलं नसेल.

आता जाड गाऊनची गोष्ट. प्रमुख पाहुण्यांना गाऊन चढवायचं कामही काकांचंच. खांद्यावर टाचणी लावता लावता ते पाहुण्यांच्या कानात हळूच ‘साहेब, थोडक्यात’ असं म्हणत. ऐकणारे ऐकत. न ऐकणाऱ्यांसाठी काकांनी एक खास गाऊन शिवून घेतला होता, माझ्याकडूनच. मखमली काठ, आत दुहेरी अस्तर, गळ्याशी बंद. घातला की माणूस उकडून निघालाच पाहिजे आणि दहा मिनिटांत खाली बसलाच पाहिजे, असा त्यामागचा हिशेब. एका मे महिन्यात खारघरच्या एका कॉलेजात असे एक पाहुणे आले, ज्यांची कीर्ती आधीच पोचली होती. काकांनी मोठ्या प्रेमाने त्यांना तो जाड गाऊन घातला. पाहुणे बोलायला उभे राहिले, घामाघूम झाले, थांबले. काका दाराशी सरसावून बसले. पाहुण्यांनी गाऊन काढून खुर्चीवर टाकला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पंखा आपल्याकडे वळवून घेतला, ग्लासभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “आता मोकळेपणाने बोलतो.”

ते किती बोलले याबद्दल मतभेद आहेत. सगळं बोलून झालं, स्वतःचं बालपण झालं, विमानतळ झाला, आईवडिलांची सेवा झाली. समोर अर्धी मुलं झोपली होती, अर्धी धागे ओढत होती. काका जागे होते, कारण त्यांची नजर खुर्चीवर पडलेल्या मखमली गाऊनवर होती. आणि बोलायला काहीच उरलं नाही तेव्हा पाहुणे जाता जाता असं म्हणून गेले, की ज्यांची शाळा मध्येच सुटली अशांनाही मुक्त विद्यापीठात पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवी घेता येते.

काका त्या संध्याकाळी दुकानात आले आणि गाऊनचं गाठोडं खाली न ठेवताच माझ्यासमोर उभे राहिले. इतके फाटके गाऊन मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. माझी समजूत अशी झाली की ते आता पाहुण्यांचा उद्धार करणार. तर ते म्हणाले, “काय गं, तुजी नववी सुटलीवती ना?” मी मान हलवली. “मग तुला होता येतं पदवीधर. तो बाबा बोलला. बाकी सगला फालतू बोलला, पन ह्ये बोलला.” मला गाऊन घालायचाय, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आजही त्यांना ते कसं कळलं होतं, मला माहीत नाही. गोंडे लावताना माझा हात जरा जास्तच वेळ रेंगाळत असेल.

त्यानंतर काका माझ्या मागेच लागले. मी नाही म्हणायला जितकी कारणं शोधली तितकी त्यांनी खोडून काढली. वय झालं म्हटलं तर त्यांनी डोक्यावरचे पांढरे केस दाखवले. इंग्रजी येत नाही म्हटलं तर म्हणाले, पाहुण्यांना तरी कुठं येतं. अर्ज भरायला स्वतः सोबत आले, पुस्तकं आणली, काज-बटणांच्या कामातून दुपारचा वेळ सोडून दिला. काकी मधल्या वेळेत तांदळाची भाकरी आणि मला चालेल असं बिनमासळीचं कालवण पाठवायच्या. मी वाचायची. पण रात्री तळोज्याच्या खोलीवर गेले की वाटायचं, परीक्षा म्हणजे शाळेत जाऊन द्यावी लागणार. ते फाटक.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. काका सोबत होते. त्याच दिवशी एका कॉलेजात समारंभ होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दाराशी काकींना बसवलं होतं. त्यांच्या हातावर पाहुण्यांचा एक इस्त्रीचा गाऊन होता, तो नंतर पोचवायचा होता. तो बघून वॉचमनने त्यांना मोठे कोणी साहेब समजून खुर्ची आणून दिली. मी म्हटलं, काका, मला नाही जमणार, आपण परत जाऊया. आजूबाजूला परीक्षेला आलेली मुलं-माणसं आत जात होती. त्यात माझ्या आईच्या वयाची एक बाईही होती, तीही आत गेली.

काकांनी घसा साफ केला. मला वाटलं रागावतील. ते खुर्चीवरून उठले, ताठ उभे राहिले आणि माझ्या एकटीकडे बघून म्हणाले, “सन्माननीय व्यासपीठ आनि विद्यार्थी मित्रहो.” मग जे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं ते सगळं बाहेर यायला लागलं. आजचं युग स्पर्धेचं हाय. ज्ञानाची कवाडं उघडी हायेत. तरुनांनी मोठी स्वप्नं बघावीत. मध्येच विमानतळ आला. विमानतळानंतर पुन्हा स्पर्धेचं युग आलं. वॉचमन आदराने हात बांधून ऐकत होता. वडापावच्या गाडीवरची माणसं वळून बघायला लागली. ज्या माणसाने सगळ्या तालुक्याच्या भाषणांना नावं ठेवली त्याच्या तोंडून इतकं वाईट भाषण निघावं, याचं मला हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. काका मध्येच अडले. कपाळ पुसलं. “पुडचा मला येत नाय,” ते हळूच म्हणाले, “पुडचा तुजा तू बग. मी हितंच बसतंय.”

मी हसतच आत गेले. फाटक मागे कधी पडलं ते कळलंही नाही. पेपर संपवून बाहेर आले तेव्हा काका त्याच खुर्चीवर, गाऊन मांडीवर घेऊन झोपले होते. पाहुण्यांचा गाऊन न पोचल्यामुळे त्या दिवशी पाहुणे नुसत्याच सफारीत बोलले. जास्तच बोलायला लागले तेव्हा काकींनी दारातून मोठ्याने सांगितलं म्हणे, “आटपा आता, पोरांना भूक लागलीय.” आणि ते आटपले. इतकी वर्षं काकांना टाचण्या लावून जमलं नाही ते काकींनी एका वाक्यात केलं, याचं काकांना थोडं वाईट वाटलं.

मी पास झाले. त्यालाही आता दोन-तीन वर्षं झाली. बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे, परीक्षा उन्हाळ्यात. भीती गेलेली नाही, पण आता ती माझ्यासोबत आत येते आणि शेजारी बसते. काकांचे कान मात्र गेल्या वर्षापासून गेले. कानाला मशीन लावायला तयार नाहीत. इतकी भाषणं ऐकली, कान दमले असतील, म्हणतात. तरी दाराशी बसायचं सोडलेलं नाही. हल्ली मी त्यांच्याबरोबर जाते. पाहुणे बोलत असतात, काका माझ्याकडे वळून भुवया उंचावतात, आणि मी त्यांना काय चाललंय ते थोडक्यात सांगते. कधी कधी पाहुणे बोलले त्याहून बरं सांगते. ते समाधानाने मान डोलवतात. कधी त्यांना शंका येते, माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघतात, पण विचारत नाहीत.

माझ्या पदवीदानाच्या दिवशी मी दाराशी नसेन, आत असेन, आणि काकांना सांगायला शेजारी कुणी नसेल. मला परीक्षेपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. म्हणून आत्ताच कबूल करून ठेवते. त्या दिवशी पाहुणे कुणीही असोत, कितीही लांबण लावोत, मी डोळा मिटणार नाही. आणि समारंभ संपला की गाऊन अंगावर असतानाच काकांच्या खुर्चीशेजारी खाली बसेन, आणि त्यांच्या उजव्या कानाशी, ज्यात अजून थोडं ऐकू येतं त्या कानाशी, ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगेन, एकही वाक्य न गाळता.