गंजातला कॉम्प्युटर

गुलबर्ग्याच्या गंजात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, कॉम्प्युटर मी आणला. हे सांगताना उगाच विनय दाखवणं मला जमत नाही. जनवाडा गावच्या मजुराची पोर मी. गणित घेऊन बी.एस्सी. झाले, हैदराबादच्या एका कारखान्यात प्रोग्रामिंग शिकले आणि कारखान्यानं नवं यंत्र घेतल्यावर अडगळीत पडलेलं जुनं भाड्यानं मागून लॉरीतून घेऊन आले.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. यंत्र मधल्या मापाचं. नाव मिनी, आकार लोखंडी कपाटाएवढा. "ह्याला मिनी म्हणायलात व्हय? मग थोरला केवढा असंल?" असं उतरवणारा हमाल म्हणाला. एकट्या डाळमिलला ते परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून मी चार मिलवाल्यांची मोट बांधली. खोली एक, यंत्र एक, भाडं चौघांत. एकानं जरी अंग काढून घेतलं, तरी यंत्र हैदराबादला परत आणि मी घरी.

तुरीचा आपला खरेदीभाव दुसऱ्याला कळेल, ही सगळ्यांची धास्ती. मी म्हटलं, हे पिठाच्या गिरणीसारखं आहे. गिरणी एकच, पण दळण आपापलं. ताटाएवढी डिस्क प्रत्येकाची वेगळी, काम झालं की काढून घरी न्यायची. एकानं लगेच विचारलं, "आधीच्याचं पीठ जात्यात उरतंय की. त्येचं काय?" शंका रास्त होती. दोघांच्या कामांच्या मधे यंत्राची स्मृती कोरी करणारा प्रोग्राम मी लिहिला आणि त्यांच्यासमोर चालवून दाखवला. इतका सुबक प्रोग्राम मी नंतरही फारसा लिहिला नाही.

सगळं जुळलं आणि चौघांतला सगळ्यात मोठा, ज्याला सगळा गंज अण्णा म्हणायचा, तो अडून बसला.

"अक्का, रोज पयला नंबर माझाच लावा."

"कामून?"

"ह्यांच्या मागं बसून मी नंबर धरू व्हय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जनवाड्याच्या गिरणीत माझी आई सकाळी टोपली घेऊन जायची आणि सगळ्या गावाचं झाल्यावर तिची ज्वारी दळली जायची. आमच्या पिठानंतर कुणाला आपलं दळण नको असायचं. मी अण्णांना सांगितलं, जो आधी येईल त्याचा नंबर आधी. ते उठले आणि डिस्क तिथंच टाकून गेले.

आई तेव्हा माझ्याकडेच राहायची. तिला सांगितलं तर म्हणाली, "दे की पयला नंबर. एवढ्यासाठी मशीन घालवायलीस व्हय?"

मी चिडले. "तू बसलीस गिरणीच्या दारात, म्हणून मी पण बसू?"

ती शांतपणे म्हणाली, "मला राग येत न्हवता, असं वाटतंय व्हय तुला? तुला भाकर लागत होती, म्हणून बसले."

तरी नियम मी बदलला नाही.

महिनाअखेर आली. तिघांचा साठ्याचा हिशेब दुपारीच तयार होऊ लागला, त्यांचे मुनीम दिवस मावळायच्या आत घरी जाऊ लागले. हातानं वह्या लिहिणाऱ्या अण्णांच्या मुनिमानं हात टेकले. पुढचं भाडं भरायची वेळ आली, तेव्हा मी यंत्र बांधायला दोरखंड आणून ठेवला होता. आणि एका सकाळी अण्णा स्वतः आले. त्यांनी आपली डिस्क उचलली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या आधी दोघं आले होते.

थोड्या वेळानं आई माझं जेवण घेऊन आली. एरवी डबा दारातूनच देऊन ती माघारी फिरायची. त्या दिवशी बाकावर अण्णांच्या शेजारी टेकली.

"तुमचा नंबर कितवा?" तिनं विचारलं.

"तिसरा, आई," अण्णा म्हणाले.

"व्हय का," ती म्हणाली. मग पदर नीट केला, पाय पोटाशी घेतले आणि अण्णांचा नंबर येईपर्यंत तिथून हलली नाही.