पप्पांचा गुलाबी अंगठा

हे कुणालाच सांगायचं नाही, असं पप्पांनी बजावलंय. पण ते रोज डब्यासोबत एक किस्सा घरी आणतात. डबा घासून होतो, किस्सा तसाच राहतो!

विजेच्या खांबावर चिनीमातीचे इन्सुलेटर असतात ना, ते बनवणाऱ्या जालन्याच्या एका कारखान्यात पप्पा मातीचं मिश्रण ठरवतात. यंदा त्यांचं नवं मिश्रण चाचणीत दोनदा नापास झालं. मालक म्हणाले, "तिसऱ्यांदा फेल, तर तुम्ही परत भट्टीवर!" दहावीला मी, आणि घरात टेन्शन पप्पांच्या परीक्षेचं!

*

माल तडकलाय का, हे पप्पा टिचकी मारून आवाजावरून ओळखतात. जुन्या जालन्यात सहा कप घ्यायला गेलो, तर त्यांनी चोवीस कप कानाशी धरून वाजवले. शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, यात चहा प्यायचाय का वीज सोडायचीय?"

*

भट्टीवर काझीचाचा असतात. भट्टी पूर्ण निवल्याशिवाय ते दार उघडत नाहीत. गार हवा लागली की माल तडकतो. एकदा मालक घाईत आले. "चाचा, जरा उघडून बघू!" चाचांनी उकळता चहा त्यांच्यापुढे ठेवला. "हा एका घोटात प्या, मंग उघडतो!"

मालक फुंकर मारत बसले.

*

चाचणीत मालाचा तुकडा गुलाबी रंगात दाबाखाली ठेवतात, मग फोडतात. आत रंग शिरलेला दिसला, की माल बाद. पप्पा हातमोजे घालत नाहीत. "मोज्यात माल कळत न्हाई!" बोटं कायम गुलाबी. आई म्हणते, "बारा महिने धुळवड खेळून राह्यलेत!"

*

तिसऱ्या चाचणीला बाहेरून इंजिनिअर आले. मी डबा घेऊन दारातच उभी. रंगातून तुकडा पप्पांनी काढला, अर्थात उघड्या हातांनी. इंजिनिअरांनी तो फोडला. पप्पांनी घाईघाईनं त्यातला अर्धा उचलून त्यांना दिला.

आत गुलाबी डाग!

पप्पा खालीच बसले.

मी चारचौघांत बोलत नाही. पण जवळ जाऊन पाहिलं, तर त्या डागात बारीक रेघा होत्या. "पप्पा, हा अंगठा आहे. तुमचा."

इंजिनिअरांनी दुसरा तुकडा रंगातून स्वतः काढला, स्वतः फोडला. आत पांढराशुभ्र! पास! पप्पांनी रिपोर्ट हातात घट्ट धरला आणि ते सहीसाठी पेन शोधू लागले. काझीचाचा कागदावर वाकले. "राहू द्या साहेब, अंगठा तर उमटलाच की!"

तो रिपोर्ट आता कारखान्याच्या भिंतीवर टांगलाय. पाहुण्यांना पप्पा सांगतात, तो अंगठा इंजिनिअर साहेबांचा, आणि मी तेव्हा खिडकीकडे बघत हसू दाब... श्श, पप्पा आले!