सर नव्हते, तास मात्र झाला

अजून डोकं सुन्न हाय, म्हणून इथं लिहितेय.

बी.एड.च्या पाठ निरीक्षणाचा आज पहिला दिवस. उमापूरजवळच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात मागं बसून सरांचा गणिताचा तास बघायचा होता. सर तालुक्याला मीटिंगला गेलते.

पहिल्या बाकावरची कोमल उठली, खडू घेतला आणि अपूर्णांकांची बेरीज शिकवायला लागली. वर्ग चिडीचूप. कुणालाच नवल न्हाई! मी मात्र हबकले.

नंतर विचारलं, "नेहमी तूच शिकवतीस?"

"सर नसले की मीच. मॅडम, तुमी उद्या येणार का?"

"कावून गं, का विचारतीस?"

"मग मला बी बसून शिकता येईल."

नियमानं मला महिनाभर नुसतं बघायचंय. खरं सांगा, तुमच्यानं बघवलं असतं?