देठावरचे लाल ठिपके

बोर्निओच्या जंगलातल्या एका बेगोनियाची आमच्या प्रयोगशाळेत एकच कुंडी उरली होती. काळसर मखमली पानं, आणि स्वभाव असा की जरा ऊन लागलं की मान टाकणार. बियांपासून तिला वाढवण्यात माझी वर्षं गेली होती. बाकीच्या रोपांनी केव्हाच राम म्हटला होता आणि माझा सगळा प्रबंध हिच्यावर उभा होता.

रोपांच्या खोलीचा एसी दुरुस्तीला निघाला, म्हणून शनिवारी ती झाकणाच्या पेटीत घालून सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर आणली. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना बजावलं, ‘आई, हिला ऊन नको, पाणी नको.’

‘एवढे नखरे तर आमच्या जावयाचेही नाहीत,’ त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी घाईत पेटी उचलली ती थेट प्रयोगशाळेत उघडली. देठांवर लाल ठिपके! माझ्या गाइडबाई, पक्क्या सिंगापुरी, झटकन मागे सरकल्या. ‘रस्ट, लाह! बाकीच्या झाडांना लागायच्या आत जाळून टाक.’

रस्ट म्हणजे तांबेरा, बुरशीचा रोग. हुज्जत घालून एवढंच पदरात पाडून घेतलं की जाळण्याआधी एक ठिपका मायक्रोस्कोपखाली बघायचा. बघितला. बुरशीचा मागमूस नाही. नुसती लाल भुकटी, कडेला पिवळी. ही जोडी जन्मापासून बघत आलेय, तरी डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. तशीच बाहेर जाऊन घरी फोन लावला.

‘आई, झाडाला हळदकुंकू लावलंत?’

‘काल खंडेनवमी नव्हती का? ज्याच्यावर आपलं पोट, त्याची पूजा करायची. माझ्या लेकाच्या लॅपटॉपला लावलं, मग तुझ्या झाडाला नको?’

मी तिथल्या पायरीवर मटकन बसले आणि हसत सुटले. जीव भांड्यात पडला होता. चांगली खरडपट्टी काढायची म्हणून फोन केला होता, ते राहूनच गेलं. माझं काम म्हणजे त्यांच्या लेखी बाल्कनीतली हौस, असा माझा पक्का समज होता.

‘रागावलीस का गं?’

‘नाही हो. वाचलं झाड.’

‘दर नवरात्रात येते मी,’ त्या म्हणाल्या. ‘कधीच पूजा केली असती. तू घरी आणलंच नाहीस.’